लेखनिक अजून विचार करतोय

मामी, चौथा भाग मी टाकला.

हे एवढं वाक्य बोलायला मला बारा वर्षं पुरली नाहीत. तुमच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसून मी ते मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल! आता म्हणणार, एवढ्यात तुम्ही स्टीलच्या पेल्यातली कॉफी हातभर उंचावरून वाटीत ओतायचात, फेस वर यायचा आणि माझं वाक्य खाली बसायचं. तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. परवा तुमच्या मुलाला, वेंकटला सांगितलं, म्हणून आता तुम्हालाही सांगतो. क्रम उलटा झाला, पण तो क्रम तुम्हीच लावून ठेवला होता, हे मला परवाच कळलं.

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिही असं मला सांगितलं आहे. जन्म कुठला, शिक्षण काय, मागे कोण, ते सगळं वेंकट देईल. मला आठवते ती लिफ्ट. आम्ही जपानात, फुनाबोरीच्या या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो, पाचव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी मेधाशी पडद्यांवरून वाद घालत होतो. ती म्हणाली, "हळू बोल ना सुहास, या मद्रासी बाईंना वाटेल आपण भांडतोय." आणि तुम्ही समोरच्या आकड्यांवरची नजर न काढता म्हणालात, "भांडा की! मला सगळं समजतं. रास्ता पेठेत जन्मलेय मी." मेधाने चेहरा पिशवीत घातला. आठव्या मजल्यावर उतरताना तुम्ही मागे वळून म्हणालात, "आणि पडदे निळेच घ्या. ती बरोबर बोलतेय."

आमच्या मराठीत मामी व्हायला मामा लागतो. तुमच्याकडे प्रत्येक वडीलधारी बाई मामीच. त्या हिशेबाने तुम्ही आमच्या मामी झालात आणि पुढे हिशेब विसरलो.

त्या भूकंपाच्या दुपारी मी तोयोसुच्या ऑफिसात, एकविसाव्या मजल्यावर होतो. इमारत बांबूसारखी हलत होती. गाड्या बंद, फोन लागेना. मी चालत निघालो. तीन तास मी एकच चित्र बघत चाललो होतो, आणि ते चित्र काय होतं ते मी आजही लिहिणार नाही. इमारतीसमोरच्या बागेत पोचलो तेव्हा अंधार पडत होता. सगळे लोक थंडीत पांघरुणं गुंडाळून बसलेले, आणि मध्ये बाकावर तुम्ही. कांजीवरम साडी, वर वेंकटचं स्कीइंगचं जाकीट, डोक्यावर शाळेतल्या मुलांची ती भूकंपात घालायची गादीसारखी टोपी. तुमच्याभोवती पाच-सहा मुलं, त्यात माझी सात वर्षांची रेवा. मी धावत गेलो, तिला उचलायला वाकलो, तर तिने मला हाताने थोपवलं.

"बाबा, शूऽ! राणी होडीत बसलीये."

मी तीन तास रडू दाबत चाललो होतो, आणि माझी मुलगी मला म्हणत होती, थांब. मी थांबलो. तिथेच जमिनीवर बसलो. मेधाने माझ्या हातात गरम पाण्याचा कप दिला. राणी होडीत बसली होती, नावाडी तिच्याकडे बघत नव्हता, आणि तो का बघत नव्हता हे मला कळायलाच हवं होतं. मध्येच जमीन परत हलली. तुम्ही म्हणालात, "बघा, होडी हलली." मुलं हसली. मग एक जपानी मुलगी, रेवाच्या वर्गातली, जिला तुमच्या इंग्रजी-मराठी-जपानी खिचडीतलं निम्मंही कळत नसणार, ती म्हणाली, "सोरेकारा?"

मग? पुढे? तुम्हाला तो शब्द फार आवडला. "आमच्यात म्हणतात अप्पुरम्," तुम्ही म्हणालात. "माझी आई गोष्ट थांबवायची आणि आम्ही सगळे ओरडायचो, अप्पुरम्? अप्पुरम्?" त्या दिवसापासून रेवाचा शब्द सोरेकारा, तुमचा अप्पुरम् आणि माझा मग. एकाच जागी तिघं अडायचो.

ती राणी ज्या कादंबरीतली, ती मी भूकंपाच्या आधीच तुमच्याकडे पाहिली होती. पाच जाड भाग, पण छापलेली पुस्तकं नव्हेत. तुमच्या आईने रास्ता पेठेत टपालाने तमिळ साप्ताहिक मागवलं, दर आठवड्याचं प्रकरण कात्रीने कापून ठेवलं आणि शेवटी सगळं बाइंडरकडून बांधून घेतलं. प्रत्येक तमिळ घरात असे गठ्ठे असायचे, तुम्ही सांगितलंत. पिवळी पानं, राणीची शाईने काढलेली चित्रं, आणि पाठीमागे केशतेलाची आणि बाळघुटीची जाहिरात. पोस्टमन गल्लीत शिरला की चार घरांतल्या बायका दारात. एकदा तुमच्या आई आणि शेजारच्या मामी महिनाभर बोलत नव्हत्या, का, तर धाकटी राणी विष घालेल की नाही यावर वाद. "घातलं का?" मी विचारलं. "ते पाचव्या भागात," तुम्ही म्हणालात. "तोवर त्या परत बोलायला लागल्या होत्या. शेजारच्यांकडून मिक्सर हवा होता."

बाइंडर मराठी होता. त्याला तमिळ येत नव्हतं. त्याने दुसऱ्या भागात प्रकरणं मागेपुढे बांधली, त्यामुळे सेनापती एकविसाव्या प्रकरणात मरतो आणि नंतरच्या प्रकरणात जेवायला बसतो. लहानपणी तुम्हाला वाटायचं, केवढा शूर माणूस!

माझं वाचन शाळेपासून मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांचं. गड, घोडे, खलिते. मी तुम्हाला आव्हान दिलं होतं की आमच्यासारखी लढाई दाखवा. तुम्ही म्हणालात, "तुमच्यात सगळे लगेच तलवार काढतात रे. आमच्यात पान वाढताना कोण कोणाकडे बघतं, त्यावर राज्य फिरतं." मी म्हटलं, मग ती कादंबरी कसली, ती भाऊबंदकी. "तेच तर!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "राज्य कोणाला मिळालं ते कोणाला आठवतं? कोणाला काय माहीत आहे आणि तो ते कोणापासून लपवतोय, एवढंच माणसं वाचतात. म्हणून माझ्या आईने वाचली, मी वाचली, माझी नात वाचेल. प्रत्येक घरात कोणीतरी काहीतरी लपवत असतंच."

हे तुम्ही म्हणालात तेव्हा चौथा भाग अजून शेल्फवर होता. म्हणजे शेल्फ अजून उभं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मला खूप दिवस वाटायचं की ते तुम्ही मला उद्देशून बोललात.

भूकंपानंतर आठवड्याभरात वेंकटने तुम्हाला चेन्नईला तुमच्या मुलीकडे पाठवलं आणि त्याला कंपनीने नागोयाला नेलं. चावी माझ्याकडे दिली. तुमच्या घरात शेल्फ आडवं झालं होतं, लोणच्याच्या बरण्या फुटल्या होत्या, तिळाचं तेल आणि सांबारपूड यांचा चिखल, आणि त्यात कागदांचा ढीग. मी दोन शनिवार घासत होतो. आता तुम्हाला माहीत आहे, मला इथल्या कचऱ्याच्या नियमांचा किती अभिमान. तेल लागलेला कागद जळाऊ कचऱ्यात, कोरडा कागद दोरीने बांधून गुरुवारी खाली. मी पान न् पान वेगळं केलं. तुमची जुनी साप्ताहिकं कोरडी होती, ती एकावर एक रचली. त्यात एका गठ्ठ्याचा पुठ्ठा निखळलेला. पिवळी पानं, वर लांब केसांच्या बाईची जाहिरात. मला वाटलं, हेही साप्ताहिकच. पांढरी दोरी उभी-आडवी घेतली, घट्ट गाठ मारली. इमारतीची देखभाल करणारे आजोबा म्हणालेसुद्धा, काय सुंदर बांधलंय. मी मान लववून आभार मानले.

मे महिन्यात तुम्ही परत आलात. शेल्फसमोर उभ्या राहिलात. बोटाने मोजलंत: एक, दोन, तीन, पाच.

"सुहास, चौथा कुठे रे?"

मला तत्क्षणी ती लांब केसांची बाई दिसली, दोरीखाली दबलेली. आणि मी म्हणालो, "काय माहीत, मामी. चेन्नईला नेला असेल तुम्ही."

"असेल," तुम्ही म्हणालात.

एकच शब्द. मी घरी येऊन मेधालाही सांगितलं नाही. दुकानात नवी छापील प्रत मिळते, वेंकट आणतो म्हणाला होता; तुम्ही नको म्हणालात. "नव्यात चित्रं नाहीत. आणि मला येतो तो भाग."

त्या उन्हाळ्यात वीज वाचवायची म्हणून सगळ्यांचे एसी बंद होते. रविवारी दुपारी तुमच्या दाराबाहेरच्या लांब व्हरांड्यात वारा असायचा, तिथे चटई टाकून तुम्ही आम्हाला चौथा भाग तोंडी सांगितलात. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे रविवार आहेत, आणि ते मी केलेल्या नुकसानीतून आले. या दोन गोष्टी मला अजून एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. तुम्ही हत्ती व्हायचात, दासी व्हायचात, दमेकरी प्रधान व्हायचात. रेवा हसून हसून चटईवरून खाली लोळायची. समोरच्या घरातल्या जपानी आजी खुर्ची घेऊन यायला लागल्या. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पण प्रधान खोकला की त्याही हसायच्या.

आणि एका रविवारी तो लेखनिक आला.

थोरल्या राणीचा लेखनिक, प्रामाणिक, जरा भित्रा. त्याच्या हातून एक महत्त्वाचं ताडपत्र हरवलंय आणि तो बोललेला नाही. राणीला ते माहीत आहे. ती रागवत नाही. ती सीमेवरून एक पत्र मागवते, अशा लिपीत, जी दरबारात फक्त त्या लेखनिकाला येते. भर दरबारात त्याच्या हातात देते आणि म्हणते, वाच. पत्रात त्याचीच गोष्ट लिहिलेली आहे. त्याने खरं वाचलं तर सगळ्यांना कळेल. काहीही दुसरं वाचलं तर कोणालाच कळणार नाही.

"सोरेकारा?" रेवा म्हणाली.

तुम्ही पाणी प्यायलात. माझ्याकडे बघितलंत. "तू काय केलं असतंस, इंजिनिअर?"

"खरं वाचलं असतं," मी म्हणालो.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बघू," तुम्ही म्हणालात आणि भांडं घेऊन आत गेलात.

पुढच्या रविवारी गोष्ट थेट हत्तीखान्यात सुरू झाली. रेवाने विचारलं, लेखनिकाचं काय झालं? तुम्ही म्हणालात, "लेखनिक अजून विचार करतोय." त्यानंतर वर्षानुवर्षं तेच उत्तर. रेवा पाचवीत गेली, लेखनिक विचार करतोय. कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या परीक्षेत नापास झाली, लेखनिक विचार करतोय. विमानतळावर, तिच्या वाढदिवसाला, नागोयाला इंजिनिअरिंगला निघाली तेव्हा स्टेशनवर तुम्ही तिचा गालगुच्चा घेतलात आणि तिने विचारायच्या आतच म्हणालात, "अजून करतोय, कन्ना. हळू डोक्याचा आहे." घरात मेधा मला एखाद्या गोष्टीवर उत्तर मागायची आणि मी गप्प राहिलो की म्हणायची, लेखनिक विचार करतोय. सगळे हसायचे. मीही हसायचो.

गुरुवारी मी कागदाचा गठ्ठा घेऊन लिफ्टमध्ये असलो की तुम्ही वाकून बघायचात. "सगळं तुझंच ना रे?" मी म्हणायचो, हो मामी. एकदा तुम्ही रेवाला दुसऱ्या भागातल्या बाइंडरची गोष्ट परत सांगत होतात आणि शेवटी म्हणालात, "आमच्या कादंबरीचं वाट्टोळं नेहमी मराठी माणसानेच केलंय." नेहमी! त्या रात्री मी एकच शब्द उलटसुलट करत पडलो होतो. एकदाच झालं तर माणूस नेहमी म्हणतो का?

मग मी ठरवलं की पुराव्याशिवाय घाबरायचं नाही. ऑफिसातल्या एका तमिळ मित्राला चेन्नईहून चौथ्या भागाची छापील प्रत आणायला सांगितली. तोयोसुच्या माझ्या खणात, कुलपात ती ठेवली. लेखनिक त्यात सापडला तर मी सुटलो. ती मूळ कादंबरीतली गोष्ट, माझा काय संबंध? पण बघणार कसं? मित्राला विचारलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं. म्हणून मी तमिळ शिकलो, मामी. चोरून. गाडीत, फोनवरच्या शब्दकोशाच्या आधाराने. क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर, त्यामुळे राजा गडावर चढला की कड्यावर हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळायचं नाही. कधी कधी दोन स्थानकांत एक ओळ व्हायची. तुम्ही मुलीशी फोनवर बोलायचात ते मी कॉफी पिता पिता कान देऊन ऐकायचो, आणि एकदा तुम्ही तिला म्हणालात, "हा बघ, समजत असल्यासारखा हसतोय." मला समजलं होतं.

हळूहळू मी कशासाठी वाचतोय तेच विसरलो. एकदा धाकटी राणी भिंतीआड उभी राहून ऐकत होती आणि मी फुनाबोरीला उतरायचं विसरून तीन स्थानकं पुढे गेलो. तुमच्या आईच्या गल्लीतल्या बायका पोस्टमनची वाट का बघायच्या ते मला त्या फलाटावर कळलं. कुणाच्या तरी मनातलं आपल्याला माहीत आहे आणि शेजारी बसलेल्याला माहीत नाही, एवढ्या सुखावर माणूस किती पानं उलटू शकतो!

अक्षरं सहा महिन्यांत आली. पुस्तक संपायला वर्षं गेली. या वर्षी सप्टेंबरात शेवटचं पान वाचलं.

लेखनिक नाही. कुठेच नाही. दमेकरी प्रधान आहे, होडी आहे, हत्तीखाना आहे. लेखनिक तुम्ही माझ्यासाठी केलात.

त्या संध्याकाळी मी सरळ आठव्या मजल्यावर आलो. आता सांगायचंच होतं. सांगायलाही काही उरलं नव्हतं खरं तर, तुम्हाला सगळं माहीत होतं, बारा वर्षं माहीत होतं, आणि तरी तुम्ही दर रविवारी मला बोलावलंत. तुम्ही दार उघडलंत. जरा वाळल्या होतात. "ये रे. चेहरा का असा? रेवाने लग्न ठरवलं की काय?" मी हसलो. कॉफी प्यायलो. फिल्टर गळतोय म्हणालात, तो मी घट्ट करून दिला. आणि खाली आलो. हे माझं खरं पाप, मामी. गठ्ठा बांधला ती चूक होती. हे सप्टेंबरचं मात्र मी जाणूनबुजून केलं. दिवाळीत सांगू म्हटलं. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबला नाहीत.

परवा तेराव्याचं जेवण झालं आणि वेंकट खाली आमच्याकडे आला. हातात तिसरा भाग. एरवी वेंकटशी तुम्ही कादंबरीबद्दल फारसं बोलायचा नाहीत, त्याला मीटिंगा असायच्या. चेन्नईत वाढलेला, त्याला मराठी येत नाही, आपली नागरी अक्षरंही ओळखू येत नाहीत. आम्ही आपले इंग्रजीत बोलतो.

"शेवटच्या पानावर अम्माने पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय," तो म्हणाला. "वर माझं नाव तमिळमध्ये आहे. बाकी तुमच्या लिपीत. मला का तुमच्या लिपीत लिहील ती? जरा वाचून दाखव."

मी चष्मा लावला. रास्ता पेठेच्या शाळेतलं तुमचं ते गोल, शिरोरेघ शेवटपर्यंत ओढलेलं अक्षर.

*चौथा भाग सुहासकडे आहे. त्याच्याकडून ऐकून घे.*

घेऊन ये नाही लिहिलंत. ऐकून घे.

वेंकट वाट बघत होता. मेधा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. मी काहीही वाचू शकलो असतो. फिल्टर बदल. गॅसचं बिल भर. त्याला काय कळणार होतं? आणि मामी, मला हसू यायला लागलं. डोळ्यांतून पाणी आणि वर हसू, असं वेड्यासारखं. बारा वर्षं त्या दरबाराच्या दाराशी तुम्ही मला उभा करून ठेवलं होतं, आणि पत्र हातात दिलं ते असं, तुम्ही समोर नसताना, मला लाज वाटू नये म्हणून.

मी वाचलं. आधी मराठीत, मेधासाठी. मग इंग्रजीत.

"तुझ्याकडे आहे?" वेंकट उजळला. "अरे, दे ना मग!"

"माझ्याकडे नाही. मी टाकला. गुरुवारच्या कागदात." आणि मग दोरी, गाठ, लांब केसांची बाई, चेन्नईला नेला असेल, सगळं. तोयोसुच्या खणातलं पुस्तक. सप्टेंबर.

तो तिसऱ्या भागाची कड अंगठ्याने कुरवाळत राहिला. मेधा माझ्याकडे बघत होती, ते बघणं मला अजून काही दिवस पुरेल. मग वेंकटने काळा कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि बसला.

"मी एकाही रविवारी आलो नाही," तो म्हणाला. "ती बाहेर हत्तीचा आवाज काढायची आणि मी आत दार लावून कॉलवर. तिला तो भाग कसा येत होता ते मला माहीतच नाही." मग म्हणाला, "ऐकून घे म्हणालीये. सांग."

मेधाने कॉफी ठेवली. मी सुरुवात केली. छापील पुस्तकातला नव्हे, तुमचा चौथा भाग. प्रधानाचा खोकला मला तुमच्यासारखा जमत नाही, हत्ती जरा जमतो. बोलता बोलता मी लेखनिकाच्या हातात पत्र येतं तिथपर्यंत आलो आणि थांबलो. वेंकट, ज्याने आयुष्यात मला एकदाही तमिळमध्ये काही विचारलं नव्हतं, पुढे वाकला.

"अप्पुरम्?"

रात्री रेवाला नागोयाला फोन केला. म्हटलं, "लेखनिकाचा विचार करून झाला. त्याने वाचलं. जसं होतं तसं, सगळ्यांसमोर."

पलीकडून तिचा आवाज आला, रडका, हसरा, सात वर्षांच्या पोरीसारखा.

"सोरेकारा?"